फरशी ओली नव्हती

प्रिय आई,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं, आणि जेवणाच्या पंगतीत मी सगळ्यांना सांगून टाकलं, की तुमचा हात माझ्यामुळे मोडला होता. तुम्ही असतात तर नुसत्या डोळ्यांनी दटावून मला गप्प केलं असतंत. म्हणून हे पत्र. सुनेने तुमचा शब्द का मोडला, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं.

विषय माधवीताईंनी काढला. तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, दुःख झालं की त्यांना कुणावर तरी चिडावं लागतं. वाढता वाढता म्हणाल्या, "आईचं मनगट शेवटपर्यंत नीट वळलं नाही. त्या कमलाने फरशी ओली ठेवली नसती तर! बरं झालं, तिला मी तेव्हाच कामावरून काढली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हातातलं कढीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "फरशी ओली नव्हती. आईंना मी ढकललं होतं."

ती दुपार आठवते ना तुम्हाला? शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरच्या पायासाठी सकाळपासून धाडधाड चालली होती. गाझियाबादच्या आपल्या नव्या सोसायटीत शांत दिवस असायचाच कुठे? दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढलेल्या तुम्ही, तुम्हाला तो आवाज नुसता नकोसा व्हायचा. मी प्रत्येक ठोक्याला दाराकडे वळून बघायचे. वीज गेली, बाल्कनीखालचा जनरेटर धाडकन सुरू झाला, आणि नेमका तेव्हाच तुम्ही मागून माझ्या खांद्यावर हात ठेवलात. चहाचं विचारायला! मी वळले कधी, ढकललं कधी, मला माहीत नाही. भानावर आले तेव्हा तुम्ही दारापाशी पडला होतात आणि मी तुमच्यावर ओरडत होते. हो, वर ओरडतही होते.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, "माताजी, कैसे गिरीं?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "पोछा गीला था बेटा, पैर फिसल गया."

घरी आल्यावर बजावलंत, "श्रीला बोलायचं नाही हं."

"का पण?"

"नवरा आहे तुझा. घाबरून राहायला लागेल तुला. आणि ईशा तर सात वर्षांची. बिल्कुल नाही."

मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही. दोन दिवसांनी माधवीताई तुम्हाला बघायला आल्या आणि त्यांनी कमलाला काढून टाकलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कणीक मळत राहिले.

त्यानंतर माझ्या खोलीत येताना तुम्ही दारातूनच हाक द्यायला लागलात, "मी येतेय गं." ईशालाही शिकवलंत, आईकडे मागून जायचं नाही, समोरून जायचं. एक तक्रार करू? तुम्ही मला जपलंत, पण माझी लेक साप दिसल्यासारखी वळसा घालून माझ्याकडे यायला लागली. शेजारी तुम्ही सांगायचात, सूनबाईला मायग्रेन आहे. माझा राग कुणाला दिसूच दिला नाहीत, आई. मलासुद्धा नाही!

विचारलं मात्र होतंत. एकदाच. "तिकडे फौजेत काय झालं होतं गं?" मी उसळले, "तुम्हाला काय कळणार!" तुम्ही मटार सोलत होतात. म्हणालात, "नाही कळणार. ऐकता तर येईल."

मी नाही सांगितलं. मग गेल्या वर्षी एका सकाळी तुम्ही चहा पिता पिता गेलात. आता सांगते.

मी कॅप्टन होते आणि रसद नेणाऱ्या गाड्यांचा ताफा माझ्याकडे होता. नायक मोहिते म्हणून सांगलीकडचे एक ड्रायव्हर होते. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्या सकाळी त्यांच्या गाडीचा क्लच धरत नव्हता. सावकाश चालणारी गाडी पुढे ठेवायची, म्हणजे ती मागे एकटी पडत नाही, अशी रीतच असते. मी म्हटलं, "मोहिते, तुम्ही पुढे व्हा." ते हसले, "आज पुढारी केलंत की मॅडम!" अर्ध्या तासाने एका पुलाजवळ त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला. माझी गाडी त्यांच्या मागेच होती. त्यांना बाहेर काढणाऱ्यांत मीही होते.

चौकशीत कुणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. निदान कुणाशी तरी भांडले असते.

इकडे येऊन कुणाला सांगणार होते? मी फौजेत होते म्हटलं, की लोक श्रीकडे बघून विचारायचे, "अच्छा, सर किस रेजिमेंट में थे?" बँकेत काम करणारा तुमचा श्री बिचारा नुसता हसायचा. नोएडाच्या ऑफिसात साहेब म्हणाले, "लेडीज़ को तो फाइलों का ही काम मिलता होगा." त्यांच्या टेबलावरचा फोन मी भिंतीवर आपटला. नोकरी गेली. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, मुलीसाठी सोडली.

काल मी बोलल्यावर कुणी जेवलं नाही. माधवीताई पर्स उचलून निघून गेल्या, अजून फोन घेत नाहीत. श्रीने भरलेली ताटं उचलून ओट्यावर ठेवली. मग एवढंच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" त्याच्या आवाजात भीती नव्हती आई, तो दुखावला होता. तेवढं तुम्ही चुकलातच.

आज सकाळी मागच्या वस्तीत जाऊन कमलाला शोधलं. दारात उभी राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. ती म्हणाली, "हमें तो मालूम था दीदी. उस दिन हमने पोछा लगाया ही नहीं था."

"तो बोली क्यों नहीं?"

"कौन मानता?"

आत या म्हणाली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. मी तशीच परत आले.

ईशाने काल सगळं ऐकलं. विचारत होती, "मग आजी तुझ्यावर चिडली नाही?" म्हटलं, आजीलाच विचारते. चिडला होतात का हो, आई? चिडायला हवं होतंत.

बुधवारी मनाच्या डॉक्टरांकडे जायचंय. श्रीने वेळ घेतली आहे, तोही येणार आहे. मोहित्यांचं तिथे सांगेन. आता लिहिता आलं, तसं बोलताही येईल.

यापुढे राग येणार नाही, असं वचन मी देत नाही. तुम्हाला ते खरं वाटणार नाही, मलाही नाही. एवढं मात्र कबूल करते. माझ्या हातून कुणाला लागलं, तर ते मी त्याच दिवशी सांगेन, माझ्याच तोंडाने. माझ्यासाठी खोटं बोलायची पाळी या घरात पुन्हा कुणावर येऊ देणार नाही.

तुमची,
वृंदा