ठमीला फिट? छे, कधीच नाही!

धाकटे, तुला थोरलीचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे अजून कुरकुरतात की आले वठणीवर? मी इकडे टुणटुणीत आहे. (भिंतीला धरून चालते, पण ती आपली सवय.)

तर आपली ठमी विमान चालवते हे तुला ठाऊकच. (सायकल गटारात घालणारी माझी नात ती हीच.) सरकार आणि तिची कंपनी एरवी सासू-सुनेसारखी, पण या खेपेला दोघांनी जुळवून घेतलं. का, तर उडणं बंद होईल या भीतीने पायलट लोक दुखणी लपवतात. म्हणून घरच्यांनाच विचारू म्हणाले, आणि मला बोलावणं आलं! थंडगार खोली, हे एवढं लांब टेबल, या टोकाला सरकारी डॉक्टरीणबाई, त्या टोकाला कंपनीचे टायवाले साहेब, मध्ये बिस्किटं. (दोघांचाही हात पुरेना. मी ओढून घेतली.) निघताना ठमीने बजावलं होतं, "आजी, पाल्हाळ नको. फक्त हो किंवा नाही."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय आजी, नात फिट?" अगं, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भरल्या खोलीत पोरीला फिट येते का विचारतात? मी ठणकावलं, "छे! कधीच नाही! आमच्या सात पिढ्या शोधा, फिट माणूस सापडायचं नाही!" बाईंचं पेन थांबलं. साहेबांनी टाय सैल केला. आणि ठमीचं उडणं त्याच दिवशी बंद!

घरी पोरगी हुंदके देत म्हणाली, "आजी, फिट म्हणजे धडधाकट गं!" मला मेलीला काय ठाऊक? आपल्याकडे फिट आली की माणसं धावतात, पेढे वाटत नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच जाऊन उलगडा केला, डॉक्टरीणबाई हसून हसून खोकल्या. पण कागदावर चढलं ते चढलं, तपासणी डोक्यापासून पायापर्यंत झाली. आणि काय निघालं? डावा कान! विमान खाली येताना महिनाभर सुया टोचत होत्या आणि ही कार्टी कापूस घालून गप्प. अजून थोडे दिवस गेले असते तर पडदा फाटला असता म्हणे. औषध, तीन आठवडे सुट्टी, नोकरीला धक्का नाही. सोमवारी पुन्हा उडाली! आता सरकार म्हणतं आम्ही पकडलं, कंपनी म्हणते आम्ही. बिस्किटं खाणारीचं नाव कुणी घेत नाही. असो. दुखणं लपवू नये बघ. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

तुझी थोरली

ता. क. गुरुवारी ठमी मला स्वतःच्या विमानातून तुझ्याकडे आणते आहे! तिचा आता माझ्या बोलण्यावर विश्वास नाही, म्हणून माझ्या तब्येतीचं विचारायला ती तुला फोन करेल. ताई ठणठणीत आहे म्हण. फिट हा शब्द तोंडातून काढू नकोस.

आणखी ता. क. पंधरा दिवस झाले, उठलं की मला गरगरतं. तिला बोलायचं नाही हं. विमान जमिनीला टेकलं की मीच सांगेन.