खुंटीवरचा रेशमी अंगरखा

पिनांग, कोंबड्याचं वर्ष,
चौथ्या महिन्याची सहावी

ताईस धाकट्या स्वीचा नमस्कार. इथे सगळे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या खेंगने तुला पाठवलेली तसबीर तू इकडे धाडलीस, ती पोचली. तिला खरं काय लागलं, ते आधी सांगतो: एक डॉलर, म्हणजे कथिलाच्या खाणीतली नऊ दिवसांची मजुरी, आणि आठ आकडे मोजेपर्यंत रोखलेला श्वास. रेशमी अंगरखा यात धरलेला नाही.

तू लिहवलंस, "लेक रेशमात बसलाय, सोन्याचं घड्याळ मिरवतोय, आणि आई रताळ्यांवर दिवस काढतेय. कुळाच्या वहीतून त्याचं नाव काढायला सांगितलंय."

ताई, आधी उठून पंचांकडे जा आणि ते थांबव. मग पुढचं वाचून घे.

तो अंगरखा माझा आहे. घड्याळही माझंच, आत यंत्र नाही, काटे कायम सव्वाचारवर. खुर्ची माझी, मागची बाग मी रंगवलेली. माझ्या तसबिरी काढायच्या दुकानात येणारा प्रत्येक मजूर तोच अंगरखा चढवून बसतो. आपल्या गावात तसबिरीतून जेवढे श्रीमंत मुलगे आले, ते सगळे त्या एका खुंटीवरचे.

तसबीर उजेडात नेऊन बघितली. माझ्यासमोर बसलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही, असं तुला दर पत्रात लिहितो ना? हा आठवेचना. बायकोला हाक मारली.

"हा होय!" ती म्हणाली. "याचे हात पार सोलून निघालेले. तुम्हीच ओरडलात, 'बाही पुढे ओढ रे, आईला काय हे पंजे दाखवणार?'"

"मग?"

"मला विचारलं, मालकांचं गाव कुठलं. मी सांगितलं, तर म्हणाला, 'ठाऊक आहे, मामी.' म्हटलं, पोराची जीभ घसरली असेल."

"अगं, मला नाही का सांगायचं?"

"काय सांगायचं? तुमच्याकडे बघत किती वेळ उभा होता तो. तुम्ही म्हणालात, 'झालं तुझं, पुढचा!'"

ताई, तो तुझ्या कडेवर होता तेव्हा मी गाव सोडलं, हे खरं. पण तो ओळख पटते का बघायलाच आला होता गं.

उद्याच्या बोटीने लारूतच्या कथिलाच्या खाणींवर निघतोय. तसबीर सोबत घेतली आहे. अंगरख्यावर अंगठा ठेवून नुसता चेहरा दाखवत विचारत फिरेन. तसबिरीशिवाय मला तो ओळखता येणार नाही.

तुझा भाऊ, आणि त्याचा मामा,
स्वी