डावीकडचे धागे

शिक्रापूर
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

चि. स्वराज,

वरवंडला सगळे खुशाल असाल. तुझ्या पायाचं प्लॅस्टर निघालं हे आण्णांकडून कळलं, जीव भांड्यात पडला. इकडे आम्ही ठीक. वर्कशॉपात टेम्पोच्या छपरांचं फायबरचं काम चालू आहे, अंगाची खाज काही जात नाही. तुझ्या दाजींबरोबर हे पाकीट आणि तिळाची चटणी पाठवते आहे.

आण्णा फोनवर म्हणाले, "पोरगं म्हणतंय, माझाच हात चुकला. आता स्टेअरिंगला शिवायचं न्हाई." कंपनीत टेस्ट ड्रायव्हरची जागा चालून आली, सोमवारपर्यंत होकार द्यायचाय आणि तू नको म्हणून बसलास. तेव्हापासून चारदा तुला फोन लावला. दरवेळी जेवलास का एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून लिहिते.

राहू गावाजवळच्या त्या न उघडलेल्या नव्या रस्त्यावरची सकाळ आठवते ना? रेसच्या ट्रॅकवर जायच्या आधी गाडीच्या मागच्या बाजूचं वारं तपासायचं होतं. मी लोकरीचा गुंडा विकत आणणार होते, तर आण्णांनी जुन्या घोंगडीची किनार उसवून दिली. म्हणाले, "मेंढरं गेली, लोकर तरी पळू द्या." किती हसलो आपण! डिकीवर, बंपरवर, मी बनवलेल्या स्पॉयलरच्या पंखावर काळे धागे चिकटवले. वारा नीट सरकला की धागे सपाट राहतात, भोवरा झाला की तिथं उभे राहून थरथरतात.

तू गाडी पळवलीस. मी दाजींच्या जीपमधून मागून व्हिडिओ काढत होते. थांबल्यावर तू विचारलंस, "ताई, धागं कसं हायती?"

मी म्हटलं, "सगळं सपाट हाय. मोबाईल तेवढा हँग झाला, व्हिडिओ न्हाई निघाला."

व्हिडिओ निघाला होता. डावीकडचे सगळे धागे उभे होते.

स्पॉयलरचा डावा पाय मी साच्यातून घाईनं काढला होता, तो वाळताना पिळला. पुन्हा करायला तीन दिवस लागले असते आणि तुला दोनच दिवसांनी ट्रॅकवर जायचं होतं. पण थांब म्हटलं असतं तर तू थांबला असतास, हे मला ठाऊक होतं. स्वराज, तू त्या स्पॉयलरवर पांढऱ्या रंगानं माझं नाव लिहिलं होतंस. मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं नाव. शाळेत हजेरीला ओ द्यायची लाज वाटायची. तुझे मित्र ते वाचून "कुणी बनवलं रं?" विचारत होते आणि तू सांगत होतास, "माझ्या ताईनं." जन्मात पहिल्यांदा मला ते नाव आवडलं. त्याच्या खालचं काम वाकडं आहे, असं तोंडातून निघेना.

ट्रॅकच्या उजव्या वळणावर सगळा भार डाव्या चाकांवर आला आणि तिथंच गाडीला खाली दाबून धरणारं काही नव्हतं, म्हणून गाडी सुटली. तुझा हात बरोबर होता. दवाखान्यात तू म्हणालास, "ताई, तुझं काम मातीत घातलं मी." तेव्हा मी तुझ्या केसांतून हात फिरवत गप्प बसले. त्याची लाज मला अपघातापेक्षाही जास्त वाटते.

पाकिटात पेनड्राइव्ह आहे, त्यात तो व्हिडिओ आहे. आण्णांनाही दाखव. मग कंपनीला होकार कळव. मला काय बोलायचं ते त्यानंतर बोल, मी ऐकून घेईन.

मोडक्या स्पॉयलरवरचं नाव खोडायचं असेल तर खोड. 'तुझी ताई' लिहायला आज हात धजत नाही, म्हणून नुसतं लिहिते,

नकुशी