हव आणि हवं

तात्यापारा, रायपूर
गौरी-गणपती आटोपल्यानंतरचा पहिला गुरुवार

तीर्थरूप विनोदिनी मावशीस,

संपदाचा वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही हे खरं, पण आमच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे लिहिताना मी आपोआपच वाकले आहे, तो नमस्कार समज.) काकाजींचा खोकला आता बरा असावा. ते काढा घेतात की अजूनही कुंडीतल्या तुळशीला पाजतात, ते कळव. गोंदियाला पाऊस उघडला असेल. इकडे रोज संध्याकाळी येतो आणि बरोबर आईचे वाळत घातलेले पापड बघून येतो. फोन सोडून पत्र काहून लिहिलं, असं तू म्हणशील. मावशी, फोनवर तू पहिल्यांदा ‘जेवली काय’ विचारतेस, मग ‘काय जेवली’ विचारतेस, आणि त्यानंतर आपलं बोलणं ताटाबाहेर पडतच नाही. मला जे सांगायचं आहे ते जेवणाबद्दलच आहे, पण वेगळ्या बाजूने.

आई बारीक झाली आहे. वाळली नाही, बारीक झाली आहे. हे मी मुद्दाम वेगवेगळं लिहिते, कारण आपल्या नातेवाइकांत या दोन शब्दांत फरक करत नाहीत. चैत्रात तिचं वजन ब्याऐंशी किलो होतं. ते कमी करायचं कारण तुला ठाऊक असेलच: माझ्या बी.एस्सी.साठी तिने डोंगरगडच्या देवीला नवस बोलला होता की पोरगी डिग्री घेईल तर पायी चढून दर्शनाला येईन. मला हे निकाल लागल्यावर कळलं. आपल्या घरात कोणी बारावीच्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे नवस बोलताना आईला वाटलं असेल, वेळ आहे. पोरगी पास झाली आणि हजाराच्या वर पायऱ्या समोर उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं मशीनवर बसून साड्यांना फॉल-पिको करत तिने मला शिकवलं, त्यात गुडघे गेले. गुडघ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, आधी आठ किलो कमी करा, मग पायऱ्यांचं बोला. नाहीतर रोपवे आहेच. आई म्हणाली, “डिग्री काय रोपवेनं आली माह्या पोरीची?” डॉक्टर हिंदीभाषी, त्यांना हे कळलं नाही. मला कळलं, आणि मी त्याच क्षणी ठरवलं की ही जबाबदारी माझी. (माझं असंच होतं. कोणतीही चांगली गोष्ट दिसली की मी तिची जबाबदारी घेते, आणि मग ती गोष्ट बिचारी माझ्यापासून सुटायला धडपडते.)

म्हणून मी तिला समता कॉलोनीतल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. कौमुदी मॅडम मूळच्या पुण्याच्या, नवरा ‘नवा रायपूर’ या नव्या वसाहतीत ऑफिसात, येऊन वर्षही झालं नव्हतं. अगदी छापल्यासारखं मराठी बोलतात. आईला प्रश्न विचारले की उत्तर मी देत होते, कारण मी सगळं वहीत लिहून नेलं होतं. तिसऱ्या प्रश्नाला मॅडम हसून म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसता का, मला आईंशी बोलू द्या. मी बाहेर बसले आणि भिंतीवरच्या चित्रातल्या गाजराकडे बघत राहिले. वीस मिनिटांनी आई चार्ट घेऊन बाहेर आली, चेहरा पेढा मिळाल्यासारखा. चार्ट वाचून मला धक्काच बसला. दुपारी भात होता, एक वाटी. चहात साखर होती, अर्धा चमचा. शेंगदाण्याची चटणी होती. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं: रविवारी सकाळी दोन जिलेब्या, बसून, सावकाश, मनापासून. मी मॅडमशी शास्त्रीय चर्चा करायला आत निघाले होते, पण आईने माझी ओढणी धरून ठेवली. “पोट्टे, मोठ्या शहरातून शिकून आल्या त्या. तू काहून मधात पडून राहिली?”

मावशी, मला तो चार्ट पटला नाही, तरी मी फ्रीजवर लावला. शेजारी मी माझ्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘निश्चय हाच आहार’. (बाबांनी ते वाचून विचारलं, मग आज रात्री भाजी नाही काय.) आईला सोबत म्हणून मीही तोच चार्ट पाळायचं जाहीर केलं. रोज पहाटे आम्ही दोघी बूढा तालाबला फेऱ्या मारायला जायचो. पहिल्या रविवारी परतताना पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर आई थांबली, बाकावर बसली, दोन जिलेब्या सावकाश, मनापासून खाल्ल्या, पाणी प्यायली आणि उठली. मीही दोन खाल्ल्या. मग मला इतका पश्चात्ताप झाला की त्या दुःखात आणखी चार खाल्ल्या, आणि आता आठवडा बिघडलाच आहे तर नवी सुरुवात सोमवारपासून करू असं ठरवलं. तो सोमवार अजून यायचा आहे. कधी लग्न आलं, कधी अमावस्या आली, कधी सोमवारच आला पण उशिरा लक्षात आला.

आई सोमवारची वाट बघत नाही. तिच्याकडून मी हेच शिकले, आणि हे मला कोणत्याही पेपरात आलं नव्हतं. पोळ्याला शेजारच्या मीराबाई परात भरून ठेठरी-खुरमी घेऊन आल्या, बेसनाची खारी ठेठरी आणि गुळाची गोड खुरमी, दोन्ही तेलात न्हालेल्या. “खा ले दीदी, तिहार रोज-रोज नई आवय,” म्हणजे सण काही रोज येत नाही, असं म्हणून त्या समोर बसूनच राहिल्या. आईने तीन खाल्ल्या, मग मीराबाईंचं मन राखायला चौथी, मग स्वतःचं मन राखायला पाचवी. मी फ्रीजवरच्या वाक्याकडे बोट दाखवलं. दोघींनी तिकडे पाहिलं. दोघींनाही वाटलं मी थंड पाणी मागते आहे. त्या आठवड्यात वजन चारशे ग्रॅम वाढलं. क्लिनिकच्या काट्यापाशी मी रडले, मावशी, खरंच रडले, कारण आठ किलोंतलं दीड किलोही उतरायचं उरलं नव्हतं. आईने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “सण होता, खाल्लं. गोड लागलं. आता रातच्याले भाकर अन् पालक. त्यात रडाचं काय आहे?” आणि घरी येऊन जिना चढायला लागली. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. ती रोज संध्याकाळी तो वीस वेळा चढते-उतरते, एक हात कठड्यावर, ओठांत देवीचं नाव. खाल्लं म्हणून त्या दिवशी पंचवीस वेळा नाही, आणि वाईट वाटलं म्हणून पंधरा वेळा नाही. वीसच. बाबा खाली खुर्ची टाकून मोजायला बसतात आणि मोजता मोजता झोपतात, तेव्हा तीच वरून ओरडून आकडा सांगते.

आणि गेल्या शनिवारी काटा त्र्याहत्तर पूर्णांक नऊवर थांबला. मी आईला उतरवून पुन्हा चढवलं. तेवढंच. मॅडम खुर्चीतून उठल्या, आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की इंदूताई, आज कबूल करते, पहिल्या दिवशी मला तुमची आशाच नव्हती. सगळे पेशंट खोटं सांगतात की हे सोडेन, ते सोडेन. तुम्ही एकट्या प्रामाणिक निघालात. मी एकेक पदार्थाचं नाव घेत गेले आणि तुम्ही प्रत्येकाला म्हणालात, हवं. भात? हवं. साखर? हवं. जिलेबी? हवं. जे इतकं हवं आहे ते काढून घेतलं तर या बाई आठवडाभरही टिकायच्या नाहीत, म्हणून मी सगळं ठेवलं, थोडं थोडं.

आई मॅडमकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, “अवो मॅडम, मी त ‘हव’ म्हणून राहिली होती. हव, म्हणजे हो! तुमी पुसून राहिल्या होत्या ना, सोडता काय म्हणून?”

मावशी, मॅडम मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, मला तेव्हाच शंका आली होती की भात हवा, साखर हवी असं असायला पाहिजे, पण वाटलं, रायपूरच्या मराठीत सगळे पदार्थ नपुंसकलिंगीच असतील. आम्ही तिघी इतक्या हसलो की बाहेरचा पेशंट दार ढकलून बघून गेला. (त्याचा चेहरा बघून वाटलं, इथे वजन असंच कमी करतात असा त्याचा समज झाला.)

पण घरी येताना ऑटोत मी हसू शकले नाही. म्हणजे त्या दिवशी आत बसून आई भात सोडायला तयार होती. चटणी सोडायला, साखर सोडायला, जिलेबीसुद्धा सोडायला तयार होती, एकदाही न अडखळता, माझ्या एका डिग्रीसाठी. मी विचारलं, सगळं सोडलं असतंस तर जमलं असतं का गं? तिने खरं खरं सांगितलं, “तीन दिवस. चवथ्या दिवशी म्या फ्रीजवरचा तुहा निश्चय बी खाल्ला असता.” मी फ्रीजवरचं ते वाक्य आता काढून टाकलं आहे. खरा निश्चय जिन्यात चालू असतो, त्याला कागद लागत नाही.

बाकी सर्व क्षेम. काकाजींना नमस्कार सांग. तुळशीलाही सांग.

तुझी भाची,
संपदा (बी.एस्सी.)

ता. क. – डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली आहे. पण आई या नवरात्रात जायला तयार नाही, चैत्रात बघू म्हणते. तीनदा विचारलं, तीनदा विषय बदलला. शेवटी बाबांनी सांगितलं. मावशी, तो नवस तिने एकटीने बोलला नव्हता म्हणे. पायथ्याशी तू तिचा हात धरून उभी होतीस आणि तोंड तूच उघडलं होतंस: ‘आमी दोघी बहिणी पायी चढून येऊ.’ तेव्हा हे पत्र एवढं लांब का झालं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. तुझं वजन मी विचारत नाही. सोबत कौमुदी मॅडमच्या चार्टाची नक्कल जोडली आहे, जिलेबीच्या ओळीखाली मी रेघ मारली आहे. चैत्राला सहा महिने आहेत. आईला यातलं काही सांगू नकोस. तुला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाही.

ता. ता. क. – ताई, पोट्टी पाकीट चिटकवाले गोंद आणाले गेली अन् मी पत्र वाचलं. तिचं मनावर घेऊ नको, ती शिकलेली आहे. दिवाळीत जे खाचं ते खाय, दुसऱ्या दिवशी जिना चढ. जिना नसन त ओटा चढ. नाहीच जमलं तरी ये, आपण खालच्या पायरीवर बसू. पण मी एकटी वर जात नाही. देवी पुसन, दुसरी कुठी आहे म्हणून, अन् तिच्यासमोर मले खोटं बोलता येत नाही. – इंदू