हॅगची राई आणि पिवळे काडतूस

मी, विनिफ्रेड आल्डरसन, कै. हॅरल्ड आल्डरसन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, धंदा मेंढ्या आणि घरकाम, राहणार थॉर्नडेल खोरे, यॉर्कशर, आज माझे हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण आपली माणसे ओळखायला तेवढी नजर पुरते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी आणून बघावे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे काही माझ्या बहिणीचा मुलगा रोलंड याला दिले होते. ते मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि बैठकीतले मोठे घड्याळ रोलंडचेच. तो मनाने वाईट नाही, लीड्सला राहून उतावळा झाला आहे इतकेच. घड्याळ पुढे पळते, ते त्याच्याशी जुळेल.

कलम दुसरे. मेंढ्या आणि चाऱ्याचे कोठार मेंढपाळ नॉर्मन पिकर्सगिलने ठेवावे असे मनात होते. पण तो आज साक्षीला बसला आहे, आणि ज्याला काही मिळते त्याने साक्ष करायची नाही असा कायदा आहे, असे ब्रेथवेट वकील म्हणतात. तेव्हा हे सगळे मी त्याला कालच बक्षीस करून टाकले. मेंढ्या त्याच्या कुरणात पोचल्यासुद्धा.

कलम तिसरे, हॅरल्डची टोपी. ही गावच्या खानावळीत खुंटीला टांगावी. हॅरल्ड पंचक्रोशीतला सर्वांत वाईट नेमबाज होता आणि सर्वांत सभ्य. एकदा सिरिलने (हा हॅरल्डचा धाकटा भाऊ, माझा दीर, त्याचे पुढे येईलच) आभाळातून एक जाडजूड फेझंट, म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडा, पाडला, तो थेट हॅरल्डच्या डोक्यावर. हॅरल्ड ओढ्यात आडवा. शुद्धीवर येताच पहिले वाक्य काय, तर "पक्षी मेलाय ना? नाहीतर जखमी होऊन हिंडेल बिचारा." टोपीला तेव्हापासून खोक आहे. ती शिवू नये.

कलम चौथे, हॅगची राई. आता मुद्द्याचे बोलते.

घरामागच्या चढावरची ही दाट झाडांची राई माझ्या वडिलांनी मला लग्नात दिली. आमच्या गावची सगळी शिकार या राईवर उभी आहे. हाकारे वरून काठ्या वाजवत येतात, फेझंट चढाच्या टोकाला उठतात आणि खोरे ओलांडून उंच जातात, म्हणून त्यांना मारण्यात कसब आहे. राई काढली तर उरतात ती सलगमाची शेते. खाटीक, शिक्षक, टपालवाला, आम्ही शेतकरी, सगळे मिळून पक्ष्यांना दाणा घालतो, हिवाळ्यातले शनिवार आळीपाळीने हाका करतो आणि मिळेल ते पक्षी घरोघर वाटून खातो. ज्याच्या हाती राई, त्याच्या हाती हे सगळे.

रोलंडने मला सांगून टाकले आहे की तो राई शहरातल्या कंपन्यांना भाड्याने देणार. ती माणसे दिवसाला ढीग पाडतात, ढिगापुढे फोटो काढतात आणि पक्षी तिथेच टाकून जातात. तरीही मी डोळेझाक केली असती, भाचा म्हणून. पण दोन वर्षांपूर्वी त्याने राईच्या कडेने खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढला. खालच्या पक्ष्यावर बार काढायचा नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, कारण त्याच्या पलीकडे हाकारे असतात. पक्षी वाचला, नॉर्मनची टोपी उडाली.

"अहो, टोपीचे पैसे देतो की," रोलंड हसत म्हणाला.

"टोपीचं राहू द्या," नॉर्मन म्हणाला. "तिच्याखाली डोकं होतं, ते बघा."

त्या दिवसापासून राई कोणाला द्यावी या विचाराने माझी झोप उडाली. कारण उरला होता एकटा सिरिल.

सिरिल आल्डरसन म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातले उचलणारा माणूस. शिकारीत प्रत्येकाची जागा चिठ्ठ्या टाकून ठरते, आणि ज्याच्या डोक्यावरून पक्षी जाईल, त्याचा तो. शेजाऱ्याने तो मारायचा नाही. हा एवढा साधा धर्म सिरिलला कधी कळला नाही. मी लग्न होऊन आले, पहिल्याच शिकारीत माझ्या डोक्यावर एक देखणा नर आला, मी बंदूक उचलली आणि शेजारून धडाम. "तुझा नेम चुकला असता, विनी," सिरिल म्हणाला, "म्हटलं घरची अब्रू राखावी." तेव्हापासून आमची जुंपली ती जुंपलीच. हॅरल्डच्या अंत्यविधीलासुद्धा आम्ही चर्चच्या फाटकात भांडलो, तितराच्या एका जोडीवरून. शिवाय साऱ्या खोऱ्याची काडतुसे लाल, याची एकट्याची पिवळी. कारण काय, तर "माझा पक्षी कोणता ते कळायला नको?" त्यात आमची स्पॅनियल कुत्री, नेटल. ती पक्षी आणायचे सोडून रिकामी काडतुसे तोंडात धरून आणते, आणि त्यातही पिवळी तिच्या विशेष आवडीची. अशा माणसाला राई द्यायची?

गेल्या महिन्यातली, मोसमाची शेवटची शिकार. जानेवारी संपताना आम्ही फक्त नर मारतो, माद्या पुढल्या पिलांसाठी राखतो. मला ओढ्याकाठची जागा आली, सिरिलला शेजारची. माझे डोळे गेले, ही माझी शेवटची खेप, हे सगळ्यांना माहीत होते. कोणी बोलले नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. वाटेत दगडी कुंपण ओलांडायचे होते, म्हणून रिवाजाप्रमाणे मी बंदूक रिकामी केली. पलीकडे उतरले तर नेटल चिखलात लोळत होती. तिला शिव्या घालता घालता बंदूक पुन्हा भरायची राहून गेली.

आणि मग तो आला. राईच्या टोकावरून उठलेला म्हातारा नर, थेट माझ्या डोक्यावर, इतका उंच की मला नुसता ठिपका दिसला. मी दुनळी उचलली आणि घोडा ओढला. धडाम झाले, नराने हवेतच पंख मिटले आणि तो माझ्या मागे गवतात पडला. रांगेतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. सिरिलनेही.

"वा विनी, काय मारलास गं!"

मी बंदूक उघडली. दोन्ही नळ्या स्वच्छ. "सिरिल, अरे माझी बंदूक रिकामी होती."

"गप गं. म्हातारचळ लागलाय तुला."

"मग बार कोणी काढला?"

"मी कशाला काढू? पक्षी तुझा होता ना?"

हे वाक्य सिरिलच्या तोंडून ऐकून मला भोवळच यायची बाकी होती. रात्री खानावळीत मी सगळ्यांसमोर खरे ते सांगितले. कोणी विश्वास ठेवील तर शपथ. "विनी आता दिराचं मन राखतेय," म्हणून हशा. सिरिल टेबलावर मूठ आपटून "पक्षी तिचा," मी मूठ आपटून "पक्षी याचा." शेवटी नॉर्मनने कान झाकले. "पूर्वी 'माझा, माझा' करून भांडायचे तेच बरं होतं बाबा. आवाज तरी कमी यायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुठे जखमी पक्षी राहिला असेल म्हणून, नेटलला घेऊन मी ओढ्याकाठी गेले. पक्षी नव्हता. सिरिलच्या जागेवर चिखलात टाचेने खोल दाबलेले काहीतरी नेटलने उकरले आणि माझ्या पायाशी आणून ठेवले. पिवळे काडतूस. मी तिथेच ओल्या गवतात बसून रडले, हे वकिलांसमोर लिहायला मला लाज वाटत नाही. जन्मभर दुसऱ्याचे पक्षी पळवणाऱ्या माणसाने आपला सर्वांत सुंदर पक्षी मला दिला, आणि कोणाला कळू नये म्हणून पुरावा टाचेखाली पुरला.

म्हणून हॅगची राई, तिच्यातले पक्षी, वाटा आणि ओढ्यासह, मी माझे दीर सिरिल आल्डरसन यांना देते. गावाची शिकार गावाकडेच राहावी एवढी एकच अट. बाकी राई कशी राखायची, हे त्याला मी सांगायला नको.

कलम पाचवे. बंदूकही सिरिलला. भरली आहे का, हे त्याने बघून घ्यावे.

कलम सहावे. माझे दहन करावे. चिमूटभर राख त्या पिवळ्या काडतुसात भरून घ्यावी. शहरात असे भरून देणारे आहेत, मी चौकशी केली आहे. काडतूस चहाच्या डब्यात आहे. पुढल्या मोसमाच्या पहिल्या हाक्याला सिरिलने माझ्या जागी उभे राहावे, आणि शेजाऱ्याच्या डोक्यावरून जाणारा पहिला उंच नर येईल त्याच्यावर मला झाडावे. राखेने पक्षी मरत नाही. नर सुखरूप पलीकडे जाईल, आणि दुसऱ्याच्या पक्ष्यावर बार काढल्याबद्दल सिरिलला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोलणार नाही.

कलम सातवे, ऐन वेळी वाढवलेले. सिरिलला साक्षीला बसायचे होते. बसता येणार नाही म्हटल्यावर त्याला अंगणात घालवले. तेव्हापासून तो खिडकीबाहेर येरझाऱ्या घालतो आहे. आत्ताच काचेवर टकटक केली.

"विनी, मला दुसरं काही नको. नेटल तेवढी दे. तुझ्यामागं तिला शिव्या कोण घालणार?"

नेटलही सिरिलला. पिवळे काडतूस डब्यात कसे आले असे त्याने विचारले, तर तिच्याकडे बोट दाखवावे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, एका ठिकाणी हसले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

(सही) विनिफ्रेड आल्डरसन

साक्षीदार:
१. (सही) ॲग्नेस कॉल्टमन, शिक्षिका
२. (सही) नॉर्मन पिकर्सगिल, मेंढपाळ, टोपीसह हजर

स्थळ: थॉर्नडेल, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: २० फेब्रुवारी १९७९