शनीचा गट

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्यावर चिडलेली मी एकटीच उरले असेन. बाकीच्यांना तुम्ही गोड आठवता. कळंबच्या रस्त्यावरच्या आपल्या गावात अजून तुमचा विषय निघाला की माझ्या वयाच्या बाया म्हणतात, "तशी बाई पुन्हा भेटली नाही." मीही मान हलवते. पण आत काहीतरी खदखदत राहतं, आणि ते कोणाजवळ बोलता येत नाही, कारण मेलेल्या माणसावर चिडलेली बाई लोकांना आवडत नाही. मीही पुढे शिक्षिका झाले हे तुम्हाला माहीत आहे. बाभुळगावकडच्या एका खेड्यात चौथीचा वर्ग मिळाला, हे कळायच्या आत मात्र तुम्ही गेलात. त्या वर्गात जे घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हालाच का, ते पुढे येईल.

चौथीत तुम्ही आम्हाला ग्रह शिकवलेत ते पटांगणात. सगळ्यात धिप्पाड पोराला मधे उभं करून सूर्य केलंत आणि बाकीच्यांना चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गोलांवर फिरायला लावलंत. मला नेपच्यून केलं होतं. मी पार बोरीच्या झाडाजवळून फिरत होते, इतकी लांब, की तुमचा आवाजही धड येत नव्हता. आतला बुध तीन फेऱ्या मारून मोकळा झाला तरी माझी पाव फेरीही होत नव्हती. मी रडकुंडीला येऊन ओरडले, "बाई, माह्यं वर्ष कवा संपन?" तुम्ही पोट धरून हसलात. ते हसणं मला अजून लख्ख दिसतं. त्यानंतर काही दिवसांनीच साहेब आले.

साहेब तपासणीला आले होते. तुम्ही आम्हाला स्वागतगीत बसवून घेतलं होतं. गाणं झालं, टाळ्या झाल्या, आणि साहेब म्हणाले, "सवलतवाली मुलं कोणती? उभी राहा बघू." आम्ही उभे राहिलो. सगळे आमच्याच वस्तीतले, निळ्या झेंड्याच्या बाजूचे. मी सगळ्यांत आधी उभी राहिले, कारण साहेबाने सांगितलं की लगेच ऐकायचं, हे तुम्हीच शिकवलं होतं. साहेब बसलेल्या मुलांकडे वळून म्हणाले, "बघा, यांना पुस्तकं फुकट, कपडे फुकट. तरी डोक्यात काही शिरत नाही." वर्ग हसला. मी तुमच्याकडे पाहिलं. आदल्याच दिवशी तुम्ही मला सगळ्या ग्रहांची नावं पाठ म्हणायला लावून शाबासकी दिली होती. तुम्ही खडू हातात धरून खिडकीबाहेर पाहत होतात. बाहेर काही नव्हतं, बाई. मी नंतर त्या खिडकीतून पाहिलं होतं.

आठवड्याभराने तुम्ही मला घरी बोलावलंत. मी तुमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. तुम्ही मला चुलीजवळ पाटावर बसवलंत, घरच्याच ताटात भाकर आणि वांग्याची भाजी वाढलीत, आणि नकाशांचं एक मोठं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत. त्याच्या पहिल्याच पानावर सूर्यमाला होती, चकचकीत, काळ्या आभाळावर. "तुझं आहे हे," म्हणालात. आमच्या वस्तीतल्या पोरीला चुलीजवळ बसवणं त्या गावात किती मोठी गोष्ट होती, ते मला तेव्हाही कळत होतं. तरी मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही साहेबाले काहून काही म्हटलं नाही?" तुमचा हात तव्यावर थांबला. "मोठ्यांना असं विचारायचं नसतं," तुम्ही म्हणालात, चांगल्याच तोऱ्यात. आणि मला नको असताना अर्धी भाकर आणखी वाढलीत. मी ती खाल्ली.

आता माझ्या वर्गाचं सांगते. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडातून काही निघत नव्हतं, आणि आमच्या भागाचं नाव देशभर एकाच कारणाने घेतलं जात होतं. गावात गाड्या यायच्या. कोणी फोटो काढायचे, कोणी आयाबायांना ओट्यावर बसवून तेच ते प्रश्न विचारायचे, आणि धूळ उडवत निघून जायचे. शाळेला मात्र त्याच सुमारास एक कॉम्प्युटर मिळाला. वर्षभर तो प्लास्टिकच्या आवरणात झाकलेला होता आणि दसऱ्याला त्याला हार घालत असत. मी हेडमास्तरांच्या मागे लागून तो उघडायला लावला, माझं इंटरनेटचं डोंगल आणलं, आणि चौथीला ग्रह त्याच्यावरून शिकवायचं ठरवलं. लोडशेडिंग पाहून तास घ्यावा लागे. डोंगलला खिडकीच्या गजाशीच सिग्नल मिळे, म्हणून ते लांब वायरीने तिथे सुतळीने बांधलेलं असे. एक पान उघडेपर्यंत पोरांची पाढ्यांची एक उजळणी होऊन जायची.

मी गट पाडले. एका गटाला एक ग्रह. प्रत्येकाला प्रश्न दिले. त्याचं वर्ष केवढं, दिवस केवढा, चंद्र आहेत का, तिथे उभं राहता येईल का. आणि नियम घातला की एका पानावर वाचलेलं खरं मानायचं नाही, दुसऱ्या पानावरही तेच दिसलं पाहिजे. जे पान इंग्रजीत असेल ते मी मराठीत करून सांगायची. तुम्ही शिकवलेला नववा ग्रह आता ग्रहांत धरत नाहीत, बाई, तेही त्यांनीच शोधलं. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा आहे हे कळल्यावर तर गोंधळच उडाला. एक पोरगी किंचाळली, "मॅडम, म्हंजे एक दिवस संपाच्या आत वाढदिवस येऊन राह्यला तिथं!" त्या दिवशी मला तुमचं पटांगणातलं हसणं आठवलं, आणि खरं सांगते, राग थोडा विसरलाही.

शनीच्या गटाचं काम मात्र अडलं. शनी असं टाइप केलं की ग्रह येईचना. साडेसाती यायची, राशिभविष्य यायचं, कोणता खडा कोणत्या बोटात घालायचा ते यायचं. मी पोरांना शिकवलं की पान वाचायच्या आधी पाहा, हे कोणी लिहिलं आणि त्याला आपल्याला काय विकायचं आहे. त्यांना तो खेळ फार आवडला. "हे अंगठीवालं हाय, मॅडम, बंद करा!" पण त्या गटातली एक मुलगी हसत नव्हती. तिचा बाप आदल्या वर्षी गेला होता. कसा, ते गावाला माहीत होतं, आणि आता तुम्हालाही समजलं असेल. सगळे बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घराले शनी लागला म्हन्तेत सारे. आजी म्हन्ते, म्या जन्मली तवापासून लागला. तो माणसाले काही करू शकते का?" मी तिला नाही म्हणून सांगू शकले असते. सांगितलं नाही. म्हटलं, "तू शोध. दोन पानांवर सापडलं की मला सांग." दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आधी खिडकीपाशी हजर असायची.

आणि एक दिवस ग्रहांच्याच तासाला ते आले. शहरातला एक माणूस, बऱ्याच खिशांचं जाकीट घातलेला, सोबत कॅमेरावाला, आणि मागे हात चोळत आमचे हेडमास्तर. "मॅडम, दोन मिनिटं फक्त." कॉम्प्युटरवर शनी होता, कड्यांसकट, अर्धा उघडलेला. जाकीटवाला त्याच्याकडे पाहतही नव्हता. तो मुलांना गोड आवाजात म्हणाला, "ज्यांचे बाबा आता नाहीत, त्यांनी उभं राहायचं हं." पोरं एकमेकांकडे पाहू लागली. आणि ती उभी राहिली. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून, लगेच.

त्याने तिला खिडकीच्या उजेडात घ्यायला सांगितलं. "बाबांची आठवण येते का, बेटा?"

ती म्हणाली, "म्या शनीच्या गटात हाये."

"काय?"

"शनी. तो वायूचा हाये साराच. त्याच्यावर उभं राहाले जागाच नाही."

"ते नंतर सांग हं. आधी बाबांबद्दल सांग. रडू आलं तरी चालेल."

रडू आलं तरी चालेल! बाई, माझ्या हातात खडू होता. मी त्या खिडकीकडे पाहिलं आणि मला कळलं की मी कुठे पाहते आहे. मी म्हटलं, "बेटा, खाली बस." मग त्याला म्हटलं, "साहेब, माझा तास चालू आहे. बाहेर जा."

"अहो मॅडम, आम्ही तुमच्या लोकांसाठीच इतक्या लांबून आलो."

"मग त्यांनी काय शोधलं ते विचारा नं. शनीचं विचारा, मंगळाचं विचारा. घ्या कॅमेऱ्यात."

तो हसला. "ते कोण बघणार?"

माझा आवाज इतका चढला, की शेजारचा तिसरीचा वर्ग दारात येऊन उभा राहिला. काय काय बोलले ते धड आठवत नाही. पोरं सांगतात की मी वऱ्हाडीत बोलत होते. "माह्या लेकराले रडवाले आला का तू? निघ इथून!" असं काहीतरी. ते गेले. हेडमास्तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

पुढे जे व्हायचं ते झालं. पाहुण्यांशी उद्धट वागले म्हणून वरून खुलासा मागितला गेला. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं. मग कॉम्प्युटर "दुरुस्तीला" म्हणून दुसऱ्या शाळेत गेला आणि परत आला नाही. तो बिघडलेलाच नव्हता! पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, रोज दोन एसट्या बदलाव्या लागतील अशा गावाला. मी भांडले, लिहिलं, यवतमाळच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसून राहिले. एक कारकून मला म्हणाला, "मॅडम, तुमचं चुकलं नाही हो, पण बोलाले नव्हतं पाह्यजे." चुकलं नाही, पण बोलायला नको होतं. या एका वाक्यावर आपला अख्खा जिल्हा चालतो की काय असं मला वाटतं, आणि मग तुमची आठवण येऊन आणखी चीड येते.

पण बदलीच्या आधी मी एक काम केलं. उरलेला अभ्यास माझ्या मोबाइलवर पुरा करून घेतला, आणि एका शनिवारी, सकाळच्या शाळेनंतर, पोरांच्या आईबापांना बोलावलं. मुलांनी मोठे कागद रंगवून भिंतीला चिकटवले आणि एकेक गट उभा राहून सांगू लागला. ती मुलगी पुढे आली. शनी सूर्याभोवती एक फेरी मारतो तोवर आपल्याकडचं पोरगं बाप होतं, म्हणाली. त्याची कडी बर्फाची आणि दगडगोट्यांची. आणि तो आपल्यापासून शंभर कोटी किलोमीटरहून लांब आहे. दोन पानांवर पाहिलं, म्हणाली.

तिची आई मागे भिंतीला टेकून बसली होती. नवरा गेल्यापासून ती चार माणसांत बोलताना कोणी ऐकली नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "येवढा लांब हाये तो?"

"हो, माय."

"मंग येवढ्या लांबून त्याले आपलंच दार कसं दिसलं म्हन्तेत हे लोक?"

कोणी हसलं नाही. तिची सासू, ती आजी, तिथेच होती. तिने मान खाली घातली. त्या आजीने त्यानंतर शनीला तेल वाहणं सोडलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि ते माझं कामही नव्हतं. पोरगी पुढे बाभुळगावच्या शाळेत गेली एवढं माहीत आहे. सायकलवर जाताना एकदा दिसली, मला पाहून जोरात घंटी वाजवली.

लोक म्हणतात, तुम्हालाही बदलीची भीती होती. घरी आजारी सासरे, लहान मूल. कबूल आहे. मलाही घर होतं. तुम्ही दोन वाक्यं बोलला असतात तर साहेबांनी काय केलं असतं? बदली. मी बदलीच्या गावात सात वर्षं काढली, बाई. तिथेही पोरं होती. तिथेही ग्रह शिकवता आले. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का? की माहीत असूनही उपयोग नव्हता? चुलीजवळ एकांतात मला जेऊ घातलंत, ते वर्गासमोर एका वाक्यात झालं असतं. मला नकाशाचं पुस्तक नको होतं असं नाही. पण आधी ते वाक्य हवं होतं.

हे कुठे पाठवू? तुमचं घर विकलं गेलं. तुमची लेक मात्र मध्यंतरी यवतमाळच्या एसटी स्टँडवर भेटली. तिने मला ओळखलं, हात धरून बाकावर बसवलं, पत्ता दिला. म्हणाली, "ताई, मी लहान होते, मला आईचं शाळेतलं काही आठवत नाही. कशी होती हो ती?" तेव्हा हे सगळं माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, "तुझी आई कोणाला घाबरत नसे. साहेब आला तरी नाही." तिचे डोळे भरून आले. हे पत्र तिच्या हाती पडलं तर मी खोटं बोलले हे तिला कळेल, म्हणून ते कुठेच जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर, ते बोलताना मला तुमचा राग आला नव्हता. बरं वाटलं होतं.