डोक्यावरचा हात

प्रिय धाकटे,

तुझी चिठ्ठी लेकीनं आणून दिली, त्याला आज चार दिवस झाले. उत्तर द्यायला बसले की काहीतरी काम निघतं, किंवा मीच काढते. काल धुतलेले पडदे आज परत धुतले. तुझे भाऊजी बघत होते. शेवटी त्यांनीच टेबल पुसून कागद समोर ठेवला आणि स्वतः भाजी चिरायला बसले.

ते बरे आहेत. लिफ्ट दुरुस्तीच्या कामानं खांदा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. परवा शेजाऱ्यांना सांगत होते, आमच्या घरात लोकांना वर न्यायचं काम दोघंही करत होतो, ही देवाकडे आणि मी लिफ्टनं, फक्त माझी हमी आठव्या मजल्यापर्यंतच होती. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून लेक खोलीतून बघायला आली.

लेक उंच झालीय, ते तू बघतेसच. तुला आठवतं, फ्रिजवर मी भेटी द्यायच्या लोकांची यादी लावायचे? शिंपीकाकू, गुडघा. निवृत्त मास्तर, एकटेपणा. एकदा त्या यादीत खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं, ‘मी, गणित’. तू ते वाचून हसत सुटलीस आणि मी मोरीत जाऊन रडले. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत लॅबमध्ये लोकांच्या नसा शोधायच्या, मग घर, मग भेटी, आणि शनिवारी इस्त्रीच्या टेबलावर कपडे बाजूला सारून रविवारचा उपदेश लिहायचा. अकरा वर्षं असंच चाललं. टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत आपण सात जणांनिशी ख्रिस्ती मंडळी सुरू केली आणि मी तिची पाळकीण झाले, तेव्हा तू नुकती नोकरीला लागली होतीस. तुझ्या कीबोर्डची एक पट्टी वाजत नव्हती आणि तू ती चुकवून वाजवायचीस. माणसं माझ्या उपदेशासाठी कमी आणि तुझ्या गाण्यासाठी जास्त यायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, तापात उशाशी मी बसले. तुझं कौतुक झालं की ते अर्धं मला झाल्यासारखं वाटायचं.

आता आपल्या मंडळीतल्या सुताराच्या बायकोबद्दल लिहिते. तुला सगळं माहीत आहे, पण एकदा माझ्या हातानं लिहू दे, कारण तू ते सभेत लोकांना तुझ्या शब्दांत सांगितलंस.

तिचं रक्त मीच काढलं होतं. थकवा येतो, हिरड्यांतून रक्त येतं, एवढंच म्हणाली होती. गुरुवारी दुपारी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. कोवळ्या, वेड्यावाकड्या पेशींनी सगळी काच भरली होती. इतकी वर्षं काम केल्यावर हा रक्ताचा कॅन्सर आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. पण आमच्या डॉक्टरांच्या सहीशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही, आणि ते शनिवारी येणार होते. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला ती नवऱ्यासोबत आली. म्हणाली, “ताई, रिपोर्ट चांगला यावा म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा.” सगळ्यांनी डोळे मिटले. मी तिचा हात धरला आणि जे आधीच ठरलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते तसं नसावं म्हणून मोठ्यानं मागितलं. आवाज चांगला लागला होता. लोक रडले. चार महिन्यांनी ती गेली.

त्या शुक्रवारनंतर मला प्रार्थना करता येईना. शब्द यायचे, ते तोंडपाठच होते. पण पलीकडे कुणी आहे असं वाटायचं थांबलं. तरी मी दर रविवारी उभी राहिले, आजाऱ्यांच्या उशाशी बसले, दोन लग्नं लावली. सात महिने हे कुणालाही सांगितलं नाही, तुझ्या भाऊजींनासुद्धा नाही. मग एका रविवारी सभेनंतर आपण दोघी मागच्या नळावर कप विसळत होतो, तेव्हा तुला सांगितलं. रिपोर्टचंही सांगितलं. तिथं माझी चूक झाली, ते मी मान्य करते. पेशंटची गोष्ट लॅबच्या बाहेर न्यायची नसते, ती बाई जिवंत असो वा नसो. पण मी ते माझ्या बहिणीला सांगत होते. तू ओल्या हातानं माझी पाठ थोपटलीस आणि म्हणालीस, “ताई, हे माझ्यापाशीच राहील.” त्या दिवशी मी घरी येऊन दुपारभर झोपले. किती दिवसांनी तशी झोप लागली होती.

तीन आठवड्यांनी माझी रविवारची ड्यूटी लागली आणि मी सभा तुझ्यावर सोपवली. काय झालं ते मला सोमवारी सकाळी कळलं, तेही शिंपीकाकूंकडून. त्या साखर तपासायला आल्या होत्या. बाही वर करत म्हणाल्या, “उपाशीपोटीच आलेय, ताई. तसाही आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी उपास धरलाय. तुमची श्रद्धा परत यावी म्हणून.” मी सुई हातात धरून उभी होते. त्या मायेनं बोलत होत्या गं, तेच वाईट. मग हळूच म्हणाल्या, “सुतारासमोर तेवढं रिपोर्टचं बोलायला नको होतं तिनं.”

सुतार तिथं बसला होता. तुला दिसत होता. तुझ्या कीबोर्डपासून दुसऱ्या रांगेत.

मी तुझ्याकडे आले तेव्हा तू म्हणालीस की प्रेमानंच सांगितलं, एकमेकांची ओझी वाटून घ्यायची असतात, ताई एकटी कुढतेय हे बघवत नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. मी त्यावर खूप विचार केला. पण पुढं जे झालं, त्यात तू एकदाही थांबलेली मला दिसली नाहीस. मास्तर आणि आणखी दोघं घरी आले, फार अदबीनं बोलले, मी थोडी विश्रांती घ्यावी म्हणाले. तोवर सभा तू बघशील, तात्पुरतं. तू त्यांच्याबरोबर आली होतीस आणि चहाच्या कपाकडे बघत बसली होतीस. एक शब्द बोलली असतीस तर पुरला असता. आठवड्याभरात बातमी लॅबमध्ये पोचली. डॉक्टरांनी बोलावून विचारलं, पेशंटची माहिती बाहेर सांगितली का? मी हो म्हणाले. त्यांनी मला मायक्रोस्कोपवरून काढलं. आता मी दिवसभर काउंटरवर फॉर्म भरून घेते, नाव, वय, कशासाठी आलात. एकोणीस वर्षांचं काम गेलं. तू एकदाही विचारायला आली नाहीस. लेकीकडून मात्र मी कशी आहे ते काढून घेत राहिलीस.

गेल्या महिन्यात सुतार घरी आला. मी दार उघडलं आणि मला वाटलं, आता हा जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मी तुमच्यावर रागावलेलो नाही हे सांगायला उशीर केला.” मग त्यानं सांगितलं की त्या शुक्रवारी घरी जाताना बायको त्याला म्हणाली होती, “ताईंचे हात बर्फासारखे होते. त्यांना रिपोर्ट माहीत आहे. तुम्ही त्यांना काही विचारू नका, बोलल्या तर त्यांची नोकरी जाईल.” पुढचे चार महिने मी तिला भेटायला जायचे. ती माझ्याकडे बघून हसायची, मुलांचं सांगायची, आणि एकदाही तो विषय काढायची नाही. माझं गुपित ती बाई मरेपर्यंत जपत होती, आणि तिला ते कुणी जपायलाही सांगितलं नव्हतं. तोवर लोकांकडून अर्धंमुर्धंच ऐकलेल्या तुझ्या भाऊजींना सुतार निघून गेल्यावर मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला आधी सांगितलं असतंस तर?” मी घरातल्या माणसाला सोडून तुला निवडलं होतं.

आता तुझी चिठ्ठी. येत्या रविवारी मंडळी तुला कायमची पाळकीण नेमतेय, आणि सगळ्यांसमोर मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा, म्हणजे लोकांच्या मनातलं किल्मिष जाईल, असं तू लिहिलंयस. मी येणार नाही. ‘रागावून नव्हे’ असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही. रागावूनच येत नाहीये. लोकांना बरं वाटावं म्हणून मी एकदा मोठ्या आवाजात प्रार्थना केली, ती पुरे झाली. यापुढं माणसं तुझ्याकडे येतील आणि नवऱ्याला, आईला सांगता न आलेलं तुला सांगतील. ते जड असतं, खूप जड असतं, आणि ते घेऊन एकटीनं घरी जायचं, कपडे वाळत घालायचे, सकाळी कामावर जायचं, हेच ते काम आहे. तेवढं मात्र कर. माझ्या घराचं दार तुला बंद नाही, पण येशील तेव्हा बहीण म्हणून ये, मंडळीचा निरोप घेऊन येऊ नकोस. आणि तुला वाटत असेल म्हणून सांगते, तुझ्यासाठी प्रार्थना करायचा मी प्रयत्न करते. काल पहाटेही केला. तुझ्या नावापर्यंत येते, आणि तिथून पुढं शब्द सुचत नाहीत.

तुझीच,
ताई